जिवंत जन्मलेली

तोडकर बाईंनी दाराबाहेर चपला काढल्या तेव्हा दुपारचे साडेबारा झाले असतील. "जनगणनेची आहे," एवढंच त्या म्हणाल्या आणि कुणी 'या' म्हणायच्या आत उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या. महापालिकेच्या शाळेत त्या तिसरीला शिकवायच्या. सकाळपासून आमच्या इमारतीचे जिने चढून-उतरून त्यांचे घोटे सुजले होते. मी आतून पाण्याचा तांब्या आणला. आत्याबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, स्वतः बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि मला नजरेनंच सांगितलं, आत जा.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माणदेशात आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात.

ही दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते आणि लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. भोसरीतल्या एका तीनमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यात आम्ही नऊ माणसं राहायचो. सासरे, आत्याबाई, थोरले दीर अशोक, जाऊबाई कलावती, त्यांची दोन पोरं, माझे यजमान नंदकुमार, धाकटा दीर आणि मी. घरातले तिघेही भाऊ कारखान्यांत होते आणि तिघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी बाहेरच्या खोलीत पडद्यामागं कुणी ना कुणी झोपलेलं असायचं. मोठ्यानं हसायचं नाही, भांडं आपटायचं नाही, खोकला आला तरी तोंडावर पदर धरायचा. तीन वर्षांत मी माझा स्वतःचा खरा आवाज ऐकला नव्हता म्हटलं तरी चालेल.

आतल्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती. बाहेर जायची वाट एकच, पुढच्या खोलीतून. आणि त्या वाटेवर, दाराच्या डाव्या अंगाला, आत्याबाई बसलेल्या असायच्या. तांदूळ निवडत, लसूण सोलत, नाहीतर नुसत्याच. त्यांना ओलांडल्याशिवाय गॅलरीतसुद्धा जाता येत नसे. "कुठं?" एवढाच त्यांचा प्रश्न. कुलूप कधीच नव्हतं. त्या एका शब्दाची कडी पुरायची.

"कुटुंबप्रमुख कोण?" बाईंनी विचारलं.

"मालक. भिकू रामा शेलार."

"सगळे एकाच चुलीवर जेवता ना? की कुणाचं वेगळं आहे?"

"एकच चूल," आत्याबाईंचा आवाज ताठ झाला. "आमच्यात येगळं कुनी न्हाई."

मी आत भाकरीचं पीठ मळत होते. मधल्या दाराला पडदा होता, त्यामुळे दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. बाई एकेकाचं नाव, वय, शिक्षण विचारत होत्या आणि आत्याबाई सगळ्यांच्या वतीनं सांगत होत्या. जाऊबाई पोरांना आणायला शाळेत गेल्या होत्या. सासरे खाली पारावर. नंदकुमार तिसरी पाळी करून आलेले, पडद्याआड झोपलेले.

"इथे कशामुळे आलात? म्हणजे गाव सोडून?"

"मालकांची नोकरी."

"आणि सुना?"

"लग्न."

"लग्न," बाई लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणाल्या. "आज सकाळपासून सगळ्या बायकांच्या पुढं हेच लिहितेय."

मग त्यांनी बायकांपुरते प्रश्न काढले. आधी आत्याबाईंना.

"मुलं किती?"

"चार. तीन ल्योक, एक लेक. लेक साताऱ्याला दिलीया."

"चारही हयात. आणि एकूण जन्मलेली किती? गेलेली धरून?"

बाहेर आत्याबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या, तो आवाज बंद झाला.

"चारच," आत्याबाई म्हणाल्या आणि सूप पुन्हा सुरू झालं.

जाऊबाईंचं दोन आणि दोन झालं. मग माझं नाव आलं. उज्ज्वला नंदकुमार शेलार, वय तेवीस, शिक्षण दहावी. मी बारावी पास होते, पण ते मी सोडून दिलं.

"हिला किती?"

"हिला काय न्हाई अजून."

"एकही नाही?"

"एक झालं, ते मेल्यालं झालं. ते धरत न्हाईत न्हवं?"

"नाही. जिवंत जन्मलेलंच धरायचं."

"मंग न्हाईच. शून्य घाला."

माझे हात पिठात थांबले.

ती मेलेली जन्मली नव्हती. जुलै महिन्यात, बुधवारी पहाटे, सरकारी दवाखान्यात ती जन्मली आणि जन्मताच इतकी रडली की नर्स म्हणाली, हिला गायनाला घाला. वजन कमी होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं. दहाव्या दिवशी तिनं अंगावर प्यायचं सोडलं आणि अकराव्या दिवशी दुपारी, दवाखान्यात परत नेण्यासाठी रिक्षा खाली येऊन उभी होती तेवढ्यात, ती गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं.

पुरुष तिला घेऊन गेले आणि आंघोळी करून परत आले. आत्याबाईंनी माझी छाती जुन्या धोतरानं करकचून बांधली. बांधता बांधता म्हणाल्या, "आता ह्याच्यावर कुनी बोलायचं न्हाई." गावी त्यांनी निरोप धाडला की मूल मेलेलं जन्मलं. इमारतीतल्या ज्या बायकांनी बाळ डोळ्यांनी बघितलं होतं त्यांनाही त्यांनी कसं गप्प केलं कुणास ठाऊक, पण त्याही गप्प झाल्या. मला माहेरी पाठवलं नाही. 'पाठवू, पाठवू' म्हणत सात महिने गेले. माझं माहेर आमच्या सासरच्या गावापासून दीड कोसावर. तिथं मी गेले की बोलणार, आणि बोलले की ते ह्यांच्या गावात पोहोचणार, एवढं मला कळत होतं. पण त्यात लपवण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. मला वाटे, मुलगी होती म्हणून. मुलगी होती म्हणून ह्यांनी तिला झालीच नाही असं करून टाकलं.

"शून्य," बाई बाहेर म्हणाल्या.

मी पडदा सारून बाहेर आले. हाताला कोपरापर्यंत पीठ होतं.

"एक घाला," मी म्हणाले.

दोघींनी वर बघितलं.

"आत जा, उजे."

"जिवंत होती, बाई. अकरा दिवस होती."

"पोरीचं डोस्कं ठिकानावर न्हाई," आत्याबाई बाईंना म्हणाल्या. आवाज मात्र खालीच. पडद्यामागं त्यांचा लेक झोपला होता. "बाळतपनापास्नं आसंच करतीया. तुम्ही शून्यच ठिवा."

तोडकर बाईंनी पेन उचलून धरलं होतं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. माझ्या पिठाच्या हातांकडंही.

"रडली होती का जन्मल्यावर?"

"खूप."

"मुलगी?"

"हो."

"आजी," बाई हळूच आत्याबाईंना म्हणाल्या, "हे जिचं तिनं सांगायचं असतं. ती समोर उभी असताना मला तुमचं लिहिता येत नाही."

त्यांनी शून्यावर काट मारली, शेजारी एक लिहिला आणि बारीक सही केली. हयात मुलांच्या रकान्यात शून्य लिहिलं. पुन्हा एकदा तपासलं. मग पाणी प्यायल्या आणि उठल्या. दारातून जाताना काहीतरी बोलावंसं त्यांना वाटलं असावं, पण शेजारच्या खोलीचं दार वाजवायचं होतं. त्या गेल्या.

आत्याबाईंनी दार लावून घेतलं. दिवसा आमचं दार कधी लावत नसत.

"भाईरच्या बाईम्होरं घरचं उघडं केलंस."

"ती तुमच्या मांडीवर होती, आत्याबाई. तुम्ही तिला तेल लावत होता."

"मला सांगतीस?"

एवढंच. त्यानंतर त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

संध्याकाळी नंदकुमार उठून चहा पीत बसले तेव्हा मी त्यांना विचारलं, "दुपारचं ऐकलंत?"

"काय? मी झोपेत होतो."

"बाई आल्या होत्या मोजायला."

"मग लिहून गेल्या असतील," ते म्हणाले आणि बशीतला चहा फुंकत राहिले. पण मला वाटतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. वाईट माणूस नव्हता. त्या घरात पडद्याआड डोळे मिटून पडायची त्यांना इतकी सवय झाली होती की उठून बसल्यावरही ते तसेच असायचे.

त्यानंतरचे पंधरा-सतरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. आत्याबाई मला कामसुद्धा सांगत नव्हत्या. जाऊबाईंना सांगायच्या, "तिला म्हनावं डाळ टाक." मी तीन फुटांवर उभी असायची. धुणं वाळत घालायला गॅलरीत जाणं माझं काम होतं, ते जाऊबाईंकडं गेलं. खालच्या नळाला जाणं गेलं. शेजारच्या कदमवहिनी पीठ मागायला आल्या तर आत्याबाई उठून स्वतः पीठ द्यायच्या, म्हणजे मी दाराशी यायला नको. नऊ माणसांच्या त्या घरातून मला वजा केलं होतं. आतल्या खोलीत उभं राहून मी समोरच्या भिंतीवरच्या ओलीचे डाग बघायची. त्यात कुठला डाग कालच्यापेक्षा वाढला हे मला सांगता आलं असतं.

"कशाला बोललीस गं?" जाऊबाई एकदा भांडी घासताना कुजबुजल्या. "तो कागद जाणार दिल्लीला. तिथं कुणाला काय पडलंय, भोसरीतल्या उज्जीला मूल झालं का नाही झालं."

"मला पडलंय."

"बघ बाई. आता तुला माहेरी पाठवायचं नाव काढणार नाहीत."

तसंच झालं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी माझा भाऊ दत्ता आला. वडूजहून पहाटेची गाडी धरून स्वारगेटला, तिथून भोसरी. आईनं त्याच्याबरोबर ज्वारीचं पीठ आणि शेवग्याच्या शेंगा दिल्या होत्या. पुढच्या खोलीत तो सासऱ्यांच्या समोर चवड्यांवर बसला आणि खाली बघून म्हणाला, "आई लय आठवण काढतीया. आठ दिवस पाठवा म्हणलीया."

सासऱ्यांनी आत्याबाईंकडं बघितलं.

"घरात माणसं किती, बघतोस न्हवं?" आत्याबाई म्हणाल्या. "थोरलीला एकटीला हुतंय का? पाडव्याला बघू."

"मागच्या बारीला दिवाळीला बघू म्हनला हुता, आत्या."

"मंग आता पाडव्याला म्हनतीया."

मी त्याला चहा नेऊन दिला. बोलायला मिळालं नाही, आत्याबाई मध्येच बसल्या होत्या. त्यानं कप घेताना माझ्याकडं बघितलं आणि मी मान हलवली. त्यालाही काय समजायचं ते समजलं नसावं. तो अर्ध्या तासात उठला. जिन्यावरून त्याच्या चपला खाली जाताना ऐकू येत होत्या, मग रस्त्याच्या आवाजात मिसळून गेल्या. मी शेंगा मोडायला घेतल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, की पुढं जन्माला येणाऱ्या मुलाचंही इथं असंच होईल, आणि त्याच्या पुढच्याचंही, आणि मी ह्या आतल्या खोलीत म्हातारी होईन आणि मग एक दिवस त्या दाराच्या डाव्या अंगाला मी बसेन.

मार्चच्या तीन तारखेला तोडकर बाई परत आल्या.

मोजणी झाल्यावर एकदा फेरी मारायची असते, तेवढ्या दिवसांत घरात कुणी जन्मलं किंवा गेलं का ते विचारायला. मी आतून त्यांचा आवाज ओळखला. शेगडी बंद केली आणि जागच्या जागी उभी राहिले. बाहेर जायचा प्रश्नच नव्हता.

"एक तारखेपर्यंत घरात काही बदल? जन्म, मृत्यू, कुणी राहायला आलं?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"मग झालं. नऊचे नऊ."

कागदांची चळत ठोकल्याचा आवाज आला. बाई उठायच्या बेतात होत्या.

"थांबा जरा," आत्याबाई म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "उजे. भाईर ये."

सतरा दिवसांनी त्यांनी माझं नाव घेतलं होतं. मी बाहेर आले. त्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. पुढ्यात सूप नव्हतं, परात नव्हती, काहीच नव्हतं. रिकामे हात मांडीवर.

"बस हितं."

मी बसले. पडद्यामागं थोरले दीर घोरत होते.

"बाई, माझं चुकीचं लिवलंय तुम्ही," आत्याबाई म्हणाल्या.

"काय चुकलं, आजी? वय?"

"पोरं. चार न्हाईत. सात हायत."

तोडकर बाईंनी कागद परत उलगडले. बोट फिरवत माझ्या सासूचं नाव शोधलं.

"हयात चार आहेत ना?"

"हयात चारच. झाली सात."

"म्हणजे तीन गेली."

"तीन पोरी. पैल्या तिन्ही. त्यांच्या मागनं आशोक." त्यांनी पडद्याकडं हात केला. "एक पंधरा दिसांची. एक चार म्हैन्यांची. आन् एक आडीच वर्सांची."

तीन वर्षं मी त्या बाईच्या हाताखाली काढली होती. नंदकुमारच्या तोंडून, जाऊबाईंच्या तोंडून, गावाकडच्या एकाही म्हातारीच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. नंदकुमारला तरी ठाऊक होतं का? नंतर कळलं, नव्हतं. त्यांच्या चारही मुलांना ठाऊक नव्हतं.

"तिन्ही जिवंत जन्मलेल्या?" बाईंनी विचारलं. विचारावंच लागतं त्यांना.

"व्हय. तिन्ही रडलेल्या."

बाईंनी चारवर काट मारून सात लिहिलं. सही करताना म्हणाल्या, "आजी, त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलंच न्हवतं आजवर. एकदम इचारलं तर काय सांगायचं मानसानं."

बाई गेल्यावर दार उघडंच राहिलं. मी बसलेली, त्या बसलेल्या. जिन्यावरून कुणाची तरी बादली हिंदकळत वर गेली.

"तिसरी गेली तवा मी वीस वर्सांची न्हवते," आत्याबाई बोलायला लागल्या. माझ्याकडं न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तसं. "माझ्या सासूनं मला सोप्यात बसवलं आन् चार बायका बोलावल्या. म्हनली, हिच्या हातचं पानी पिऊ नका, ही पोरं खानारी हाय. एक जाती, दोन जात्यात, तिन्ही कशा जातील? धा म्हैने माझं ताट गोठ्यात. तुझ्या मामंजींना दुसरी पोरगी बघून ठिवली हुती. सुपारी फुटायची राहिली. तेवढ्यात आशोकची चाहूल लागली, म्हून ऱ्हायले मी ह्या घरात. न्हाईतर..."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मेल्यालं जन्मलं म्हनलं की देवाची मर्जी. कुनी काय बोलत न्हाई. जगून गेलं की समदी बाईकडं बघत्यात. हिनं काय केलं? दूध पाजलं का न्हाई? पायगुन कसला? तुझी गेली तवा मी म्हनलं, हिच्या वाट्याला ते नगं. गावात कळायलाच नगं."

मला त्यांचा राग यायचा थांबला असं मी म्हणणार नाही. तो होताच.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले. "मला वाटलं तुम्हाला मुलगी नको होती. सात महिने मला तसंच वाटत होतं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. खरोखर चकित होऊन. हे त्यांच्या मनात कधी आलंच नसावं.

"मी तिच्या बारशाला गूळ आनला हुता," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी मला माहेरी धाडलं. कुणाची वाट न बघता, कुणाला न विचारता. सासरे जेवताना म्हणाले, "आन् हे कधी ठरलं?" त्यांनी उत्तर दिलं नाही, ताटात भाकरी वाढली. नंदकुमार म्हणाले, मी सोडून येतो. "तू झोप," आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही दोघीच सकाळच्या बसनं स्वारगेटला गेलो. शहराच्या बसमध्ये त्यांना नीट उभं राहता येत नव्हतं, माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या. स्वारगेटच्या स्टँडवर वडूजची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. माझ्याजवळ एक कापडी पिशवी, त्यांच्याजवळ काहीच नाही. आजूबाजूला इतका गलका की एकमेकींशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. त्या तीन वर्षांत मी आत्याबाईंना एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"गावात कुनी इचारलं तर खरं ते सांग."

"तुम्हाला चालेल?"

"कोन बोललं तर माझं नाव सांग. म्हनावं, सगुणाबाई सात बाळतपनांची हाय, तिला येऊन इचारा."

मी हसले. त्याही हसल्या, पण लगेच थांबल्या.

"तुझीचं नाव काय ठिवनार हुतीस?"

"ठरलं नव्हतं. तुम्हीच ठेवणार होता ना."

"व्हय. मीच ठिवनार हुते." मग म्हणाल्या, "माझ्या पैल्या दोघींची न्हाई ठिवली, बारसंच केलं न्हाई कुनी. तिसरीचं ठिवलं हुतं. सुंदरा. आडीच वर्सांची हुती, चांगली चालायची. बोलायची बी."

"काय बोलायची?"

वडूजची गाडी फलाटाला लागली. लोक पिशव्या घेऊन पळाले. कुणी खिडकीतून रुमाल टाकला, कुणी पोराला आत ढकललं. मीही उठून उभी राहिले. आत्याबाई बसूनच होत्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती, हरवलेली वस्तू घरात कुठं ठेवली ते आठवताना पडते तशी. ओठ हलत होते. एकदा काहीतरी सापडल्यासारखं त्यांनी तोंड उघडलं आणि मग मिटलं.

"आठवत न्हाई," त्या म्हणाल्या. "लई बोलायची गं. दिसभर. आन् मला एक सबूद आठवत न्हाई."

कंडक्टरनं घंटी दिली. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले. ती गाडी गेली. पुढची दीड तासानं होती.